दुसरं सार्वमत: पुन्हा विचारणं ही लोकशाही की रडीचा डाव?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. ज्यांना प्रवासात इअरफोन लावायचा कंटाळा येतो किंवा ऐकल्यावर आकडे पुन्हा बघायचे असतात, त्यांच्यासाठी.

आजचा विषय ब्रेक्झिट. पण ब्रेक्झिट चांगलं की वाईट, हा नाही. तो वाद तुम्ही भरपूर ऐकलाय. मला बोलायचंय त्याच्या पोटातल्या दुसऱ्याच एका भांडणाबद्दल. २०१६ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी युरोपियन युनियन सोडायचा कौल दिला. आणि त्यानंतर साडेतीन वर्षं तो देश एकाच प्रश्नावर भांडत राहिला: लोकांना पुन्हा एकदा विचारायचं का?

एक बाजू म्हणत होती, लोकांनी निकाल दिलाय, तुम्ही हरलात, आता रडीचा डाव खेळू नका. दुसरी बाजू म्हणत होती, लोकांना आपलं मत बदलायचा हक्कच नसेल तर ती लोकशाही कसली? ऐकायला दोन्ही वाक्यं पटतात ना? म्हणूनच हा विषय मला भारी वाटतो. शेवटी मी माझं मत सांगणारच आहे, पण आधी दोन्ही बाजू नीट मांडतो.

आधी आकडे

तारीख २३ जून २०१६. मतपत्रिकेवर एकच प्रश्न होता: युनायटेड किंग्डमने युरोपियन युनियनचा सदस्य राहावं की युनियन सोडावी? पर्याय दोनच. 'राहा' किंवा 'सोडा'.

निकाल: सोडा ५१.९ टक्के, राहा ४८.१ टक्के. मतांच्या हिशेबात १ कोटी ७४ लाख विरुद्ध १ कोटी ६१ लाख. मतदान ७२.२ टक्के, म्हणजे चांगलंच. पण नकाशा बघितला तर वेगळंच चित्र दिसतं. इंग्लंड आणि वेल्सने 'सोडा' म्हटलं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के आणि उत्तर आयर्लंडमध्ये जवळपास ५६ टक्के लोकांनी 'राहा' म्हटलं.

आता मत कोणाला होतं ते बघा, कारण इथे आपला संबंध येतो. ब्रिटनमध्ये राहणारे राष्ट्रकुल देशांचे नागरिक मत देऊ शकत होते. भारत राष्ट्रकुलात आहे. म्हणजे पुण्याहून नोकरीसाठी लंडनला गेलेला, भारतीय पासपोर्टवाला इंजिनिअर मतदार यादीत नाव नोंदवून मत देऊ शकत होता. आणि वीस वर्षं तिथेच राहिलेली, तिथेच संसार थाटलेली पोलिश बाई? तिने ब्रिटिश नागरिकत्व घेतलं नसेल तर तिला मत नव्हतं. खरं तर निकालाने तिचं आयुष्य जास्त हलणार होतं.

तुमच्या वयाच्या लोकांसाठी अजून एक गोष्ट. २०१४ मध्ये स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावर सार्वमत झालं तेव्हा १६ आणि १७ वर्षांच्या मुलांनाही मत होतं. २०१६ मध्ये नव्हतं. मतदानानंतरच्या पाहण्यांनुसार १८ ते २४ वयोगटातल्या साधारण सत्तर टक्के मतदारांनी 'राहा' म्हटलं होतं, आणि पासष्टीच्या पुढच्यांचा कल उलट होता. जे जास्त वर्षं त्या निर्णयासोबत जगणार होते त्यांचं मत वेगळं होतं. ही खदखद पुढे दुसऱ्या सार्वमताच्या मागणीत उतरली.

आणि शेवटचा मुद्दा. कायद्याच्या भाषेत हे सार्वमत फक्त सल्ला होतं. संसदेवर बंधनकारक नव्हतं. किती टक्क्यांनी निकाल लागला तर तो धरायचा, अशी अटही नव्हती. पण सरकारने घरोघरी पाठवलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिलं होतं, की निर्णय तुमचा आहे आणि तुम्ही ठरवाल ते सरकार अमलात आणेल. म्हणजे कागदावर सल्ला, पण तोंडी वचन. भांडणाचं बी इथेच पेरलं गेलं.

'सोडा' म्हणजे नक्की काय करा?

समजा तुमच्या ग्रुपमध्ये २५ जण आहेत. कोणीतरी पोल टाकला: लाँग वीकेंडला घरी बसायचं की बाहेर जायचं? १२ जण म्हणाले घरी, १३ म्हणाले बाहेर. ठरलं, बाहेर जायचं! मग कळतं, त्या १३ पैकी सात जणांना गोवा हवंय आणि सहा जणांना राजमाचीचा ट्रेक. ट्रेकवाल्यांतले निम्मे म्हणतात, गोव्याला एवढे पैसे घालण्यापेक्षा घरी बसलेलं बरं. आता सांगा, बहुमत कशाला आहे? 'बाहेर' या शब्दाला बहुमत आहे. पण गोव्यालाही नाही आणि राजमाचीलाही नाही.

ब्रिटनचं अगदी हेच झालं. युनियन सोडायचे बरेच मार्ग होते. नॉर्वेसारखं युनियनबाहेर राहून सामायिक बाजारपेठेत राहायचं, पण मग युरोपातल्या लोकांना येऊन काम करायची मुभा ठेवावी लागते. नुसत्या कस्टम्स युनियनमध्ये राहायचं, म्हणजे आपसात जकात नाही, पण बाहेरच्या देशांशी स्वतःच्या मनाप्रमाणे व्यापार करार करता येत नाहीत. कॅनडासारखा साधा व्यापार करार करायचा. नाहीतर कसलाही करार न करता थेट बाहेर पडायचं. 'सोडा'वर शिक्का मारणाऱ्यांच्या मनात यातलं काहीही असू शकत होतं, आणि मतपत्रिकेने ते विचारलंच नव्हतं.

त्यात उत्तर आयर्लंडचा पेच. उत्तर आयर्लंड ब्रिटनसोबत बाहेर पडणार, शेजारचं आयर्लंड युनियनमध्ये राहणार. मधली सीमा जवळपास ५०० किलोमीटरची. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथली हिंसा बरीच निवली आणि सीमेवरच्या चौक्या गेल्या. आता माल तपासायचा तर कुठे? सीमेवर नाके परत आणले तर शांतता धोक्यात, आणि नाके समुद्रात म्हणजे बंदरांवर नेले तर देशाचेच दोन भाग पडल्यासारखं. या एका प्रश्नाने थेरेसा मे यांच्या सरकारला जेरीस आणलं.

२९ मार्च २०१७ ला ब्रिटनने युनियनला रीतसर नोटीस दिली. नोकरी सोडताना नोटीस पीरियड असतो ना, तसाच हा दोन वर्षांचा. फरक इतकाच, की पुढची नोकरी कुठली हे घरात कोणाचंच ठरलेलं नव्हतं.

'पुन्हा विचारा' म्हणणाऱ्यांची बाजू

एप्रिल २०१८ मध्ये 'पीपल्स व्होट' नावाची मोहीम सुरू झाली. लंडनमध्ये मोठमोठे मोर्चे निघाले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं.

एक, २०१६ मध्ये लोकांनी दिशा सांगितली, करार बघितला नव्हता. आता प्रत्यक्ष करार समोर आहे. घर घ्यायचं ठरवणं वेगळं आणि कागदपत्रं वाचून सही करणं वेगळं. मग सहीच्या वेळी मालकाला का विचारू नये?

दोन, १९७५ मध्येही ब्रिटनमध्ये सार्वमत झालं होतं आणि ६७ टक्के लोकांनी तेव्हाच्या युरोपियन कम्युनिटीत राहायचं ठरवलं होतं. तो कौल कायमचा नव्हता, तर २०१६ चा कायमचा कसा?

तीन, वाट अजून मोकळी होती. १० डिसेंबर २०१८ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला, की ब्रिटन आपली नोटीस एकतर्फी मागे घेऊ शकतो. म्हणजे राजीनामा दिलाय, पण शेवटच्या दिवसापर्यंत परत घेता येतो.

'विचारू नका' म्हणणाऱ्यांची बाजू

ही बाजू पुष्कळदा नुसती हट्टी म्हणून दाखवली जाते. ते बरोबर नाही. तिच्यात दम होता.

पहिला मुद्दा वचनाचा. सरकारने सांगितलं होतं, तुम्ही ठरवाल ते करू. ज्या गावांतले कारखाने बंद पडले, ज्यांना वाटत होतं की लंडनमध्ये आपलं कोणी ऐकत नाही, तिथल्या अनेकांनी 'सोडा' म्हटलं होतं. त्यांना पहिल्यांदा वाटलं, आपल्या मताने काहीतरी हललं. त्यांना जर म्हटलं, "तुम्हाला नीट कळलं नव्हतं, परत पेपर द्या," तर ते परत कधी मतदानाला येतील का?

दुसरा मुद्दा इतिहासाचा. डेन्मार्कने १९९२ मध्ये मास्ट्रिक्ट कराराला निसटता नकार दिला, मग काही सवलती मिळाल्या आणि १९९३ मध्ये होकार. आयर्लंडने २००१ मध्ये नीस कराराला नाही म्हटलं, २००२ मध्ये हो. २००८ मध्ये लिस्बन कराराला नाही, २००९ मध्ये हो. टीकाकार म्हणायचे, युरोपात हवं ते उत्तर येईपर्यंत पेपर चालू राहतो, आणि एकदा आलं की लगेच थांबतो. आता यात एक फरक आहे. डेन्मार्क आणि आयर्लंडमध्ये दोन्ही वेळा लोकांसमोर एक लिखित करार होता, आणि दुसऱ्या वेळी वेगळी आश्वासनं जोडलेली होती. पण संशय यायला जागा होती हे नाकारता येत नाही.

तिसरा मुद्दा व्यवहाराचा. परत विचारायचं, पण काय विचारायचं? करार विरुद्ध राहा? की करार विरुद्ध करार न करता बाहेर? की तिन्ही? पर्याय कोणते ठेवायचे यावरच निकाल फिरू शकत होता. शिवाय वेळ. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या अभ्यासकांनी हिशेब मांडला होता, की कायदा करण्यापासून मतदानापर्यंत किमान २२ आठवडे लागतील.

आणि चौथा, सगळ्यात बोचरा प्रश्न. समजा दुसऱ्या वेळी 'राहा' ५२ टक्क्यांनी जिंकलं. मग तिसरं का नको?

डाव उलटला की नियमही उलटतात

आता गंमत ऐका. २०१६ मध्ये निकालानंतर संसदेच्या वेबसाइटवर एक ऑनलाइन अर्ज तुफान गाजला. मागणी अशी, की विजयी बाजूला ६० टक्के मतं नसतील आणि मतदान ७५ टक्क्यांच्या आत असेल, तर पुन्हा सार्वमत घ्या. ४१ लाखांहून जास्त सह्या झाल्या. पण तो अर्ज सुरू केला होता 'सोडा'च्या एका समर्थकाने, निकालाच्या आधी, आपली बाजू हरेल या भीतीने! निकाल लागल्यावर त्यावर सह्या करणारे मात्र बहुतेक 'राहा'वाले.

नायजेल फराज, म्हणजे 'सोडा'चा सगळ्यात ओळखीचा चेहरा, मे २०१६ मध्ये म्हणाले होते, की ५२-४८ असा निकाल लागला तर विषय संपला असं होणार नाही. त्यांनी धरलेले ५२ 'राहा'चे होते. निकाल नेमका तसाच लागला, फक्त उलटा. दुसरीकडे लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे माजी नेते पॅडी अ‍ॅशडाउन यांनी निकालाच्या रात्री टीव्हीवर ठासून सांगितलं, की लोक बोलले की ते सांगतील तसं करायचं असतं. पुढे त्यांचाच पक्ष दुसऱ्या सार्वमताच्या मागणीत सगळ्यात पुढे.

कोणी लबाड आणि कोणी सज्जन, असं मला म्हणायचं नाहीये. निकाल कळल्यावर नियम ठरवायला बसलं की प्रत्येकाला आपल्या सोयीचा नियमच न्याय्य वाटतो. गल्लीत क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे माहीत आहे. एक टप्पी आउट धरायचं की नाही हे कॅच पकडल्यावर ठरवता येत नाही.

१२ मतांनी हुकलेलं सार्वमत

२०१९ च्या सुरुवातीला मे यांचा करार संसदेत आला. १५ जानेवारीला तो २३० मतांनी पडला. आधुनिक काळात ब्रिटिश सरकारचा कनिष्ठ सभागृहात झालेला हा सगळ्यात मोठा पराभव. १२ मार्चला परत आणला, परत पडला. २९ मार्चला तिसऱ्यांदा, तिसऱ्यांदाही पडला.

मधे खासदारांनी ठरवलं, आपणच मार्ग शोधू. २७ मार्चला आठ पर्यायांवर मतदान झालं. एकालाही बहुमत नाही! म्हणजे ग्रुपवर गोवा, ट्रेक, घर सगळ्यावर पोल झाला आणि सगळं पडलं. १ एप्रिलला चार पर्याय परत आणले. त्यात एक होता, जो काही करार होईल तो लोकांसमोर मंजुरीला ठेवा. बाजूने २८०, विरोधात २९२. फक्त १२ मतांचा फरक. कस्टम्स युनियनचा पर्याय तर तीनच मतांनी पडला.

मे गेल्या, बोरिस जॉन्सन आले. १२ डिसेंबर २०१९ ला निवडणूक झाली. जॉन्सन म्हणत होते, ब्रेक्झिट उरकून टाकू. लेबर पक्ष म्हणत होता, नवा करार करू आणि मग सार्वमत घेऊ. लिबरल डेमोक्रॅट म्हणाले, आम्हाला बहुमत मिळालं तर सार्वमतही नको, थेट नोटीस मागे घेऊ. जॉन्सन यांच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला ४३.६ टक्के मतं आणि ३६५ जागा मिळाल्या. दुसऱ्या सार्वमताला अनुकूल पक्षांची मतं एकत्र केली तर ती निम्म्याहून थोडी जास्तच भरतात. पण ती फुटलेली होती. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, ही आपल्याकडचीच पद्धत. त्यामुळे हे गणित तुम्हाला वेगळं समजवायला नको.

३१ जानेवारी २०२० ला रात्री ११ वाजता ब्रिटन बाहेर पडला. आपल्याकडे तेव्हा १ फेब्रुवारीची पहाट होती, साडेचार. दुसऱ्या सार्वमताचा विषय तिथे संपला.

आपल्या शेजारचा कौल

मराठी माणसाला सार्वमत तसं अनोळखी नाही. १६ जानेवारी १९६७ ला गोव्यात जनमत कौल झाला. तिथे प्रश्न होता महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळा केंद्रशासित प्रदेश राहायचं. युनियन सोडण्याचा नाही, जोडण्याचा. पण शिकण्यासारखं खूप आहे. त्यासाठी संसदेने आधी स्वतंत्र कायदा केला. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून दयानंद बांदोडकरांचं सरकार आधी पायउतार झालं. विलीनीकरण म्हणजे फूल आणि वेगळं राहणं म्हणजे दोन पानं, अशी चिन्हं होती. विलीनीकरण ३४ हजार मतांनी हरलं.

आणि दोनच महिन्यांनी निवडणुकीत त्याच लोकांनी बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष परत निवडून दिला! विलीनीकरण ही ज्या पक्षाची मुख्य मागणी, तोच पक्ष. लोकांना प्रश्न आणि सरकार यातला फरक व्यवस्थित कळत होता. शिवाय दोन्ही पर्यायांचा अर्थ स्पष्ट होता. दुसऱ्या दिवशी सकाळी काय होणार हे मतदाराला माहीत होतं. म्हणून कौल पचला. नंतर १९८७ मध्ये गोवा स्वतंत्र राज्य झालं, जो पर्याय १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हताच. पण त्यासाठी जुना कौल मोडावा लागला नाही.

मग माझं मत काय?

लोकांना पुन्हा विचारणं यात काही पाप नाही. पण पुन्हा विचारायचं की नाही, कधी आणि कशावर, हे पहिल्या मतदानाच्या आधी ठरलेलं असायला हवं. कोण जिंकणार हे कोणालाच माहीत नसतं, तेव्हा.

आणि हे जमतं बरं का. न्यूझीलंडला निवडणूक पद्धत बदलायची होती. त्यांनी १९९२ मध्ये आधी विचारलं, बदल हवा का, आणि हवा तर चारपैकी कुठला? मग १९९३ मध्ये निवडलेली पद्धत विरुद्ध जुनी पद्धत, असं बंधनकारक सार्वमत घेतलं. पहिल्या वेळी जवळपास ८५ टक्के बदलाच्या बाजूने होते, दुसऱ्या वेळी ५४ टक्क्यांच्या आसपास. बघा, नुसता 'बदल' आणि 'हा बदल' यात किती फरक पडतो! पण दोन टप्पे आधीच जाहीर होते. म्हणून दुसऱ्या मतदानाला कोणी रडीचा डाव म्हटलं नाही.

न्यूझीलंड लांब वाटत असेल तर ब्रिटनच्याच कायद्यात बघा. उत्तर आयर्लंडने आयर्लंडमध्ये सामील व्हायचं का, यावर कधी सार्वमत झालं तर पुढचं किमान सात वर्षं घेता येणार नाही, असं १९९८ च्या कायद्यात लिहून ठेवलंय. म्हणजे अशा प्रश्नाचा नियम आधी बांधता येतो हे त्या देशाला माहीत होतं. २०१६ मध्ये बांधला नाही, कारण सार्वमत घेणाऱ्या कॅमेरॉन सरकारला आपण जिंकणारच असं वाटत होतं.

स्कॉटलंडमध्ये आज तेच चालू आहे. २०१४ मध्ये ५५ टक्के लोकांनी ब्रिटनमध्ये राहायचं ठरवलं. मग ब्रेक्झिट झालं, आणि स्वातंत्र्यवादी म्हणतात, परिस्थिती बदलली, पुन्हा विचारा. लंडन म्हणतं, पिढीत एकदाच असं ठरलं होतं. पण ते भाषणात ठरलं होतं, कायद्यात नाही. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वेस्टमिन्स्टरच्या परवानगीशिवाय स्कॉटिश संसद असं सार्वमत घेऊ शकत नाही. परवानगी कधी द्यायची, याचा नियम मात्र अजूनही कुठे लिहिलेला नाही.

म्हणून पुढे कधीही, कुठेही, सोसायटीच्या मीटिंगपासून देशापर्यंत, कोणी तुम्हाला 'हो की नाही' विचारलं, तर शिक्का मारायच्या आधी दोन प्रश्न विचारा. 'हो' म्हणजे नक्की काय होणार? आणि ते जमलं नाही तर आम्हाला परत कधी विचारणार? उत्तर मिळालं नाही, तर समजा की खरं भांडण मतदानानंतर सुरू होणार आहे.

आजच्यापुरतं इतकंच. भाग आवडला तर त्या मित्राला पाठवा जो ग्रुपवर सारखे पोल टाकतो. भेटू पुढच्या भागात!